मोबाइल होमची जमीन खचणे

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात पोलादी सांगाड्यावर बांधून रस्त्याने जागेवर नेले जाणारे घर. अशी घरे मुख्यतः अमेरिकेत आढळतात. त्यांची जमीन, म्हणजे घरातला पायाखालचा तळ, लाकडी असते. ती मऊ पडणे, तिला झोल येणे किंवा ती एका अंगाला कलणे ही त्यांची जुनी तक्रार आहे. मुळाशी बहुतेक वेळा पाणीच असते. मात्र ते जमिनीच्या पाट्यात, म्हणजे पायाखालच्या फळ्यांच्या थरात, मुरले आहे की घराखालच्या मातीत, हे आधी ओळखावे लागते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

घराच्या लांबीभर दोन पोलादी तुळया जातात. त्यांवर साधारण 16 इंचांच्या अंतराने लाकडी कड्या बसवतात आणि कड्यांवर पाटा ठोकतात. कड्यांच्या पोकळीत ग्लासवूल (ऊब टिकवणारा काचतंतूंचा कापूस), पाण्याचे नळ आणि गरम हवेच्या नळ्या असतात. सर्वांत खाली बेली बोर्ड हे आवरण ताणून लावलेले असते.

जुन्या घरांत हा पाटा बहुधा पार्टिकल बोर्डाचा असतो, आणि खरे दुखणे तिथेच आहे. लाकडाचा भुसा डिंकासारख्या रेझिनने दाबून केलेला हा बोर्ड कोरडा असेपर्यंत उत्तम काम देतो. ओल लागली की तो फुगतो, त्यातली पकड सुटते आणि वाळल्यावरही ताकद परत येत नाही. सिंकखालच्या कपाटाचा तळ भिजून भाकरीसारखा फुगलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की इथे त्या बोर्डावर माणसे चालतात. प्लायवुडही भिजल्यावर कुजते, पण बऱ्याच उशिरा.

पाणी येते ते ठरावीक जागांवरून. कमोड आणि सांडपाण्याचा पाइप यांच्यामधले मेणाचे गोल कडे झिजले की प्रत्येक फ्लशला थोडे पाणी पाट्यावर उतरते. वर विनाइलचे आच्छादन असल्याने ते दिसत नाही. कमोड किंचित डुलू लागतो तेव्हाच शंका येते. वॉटर हीटरची कोंदट कपाटे, टबची कड, बाहेरच्या दाराचा उंबरठा आणि खिडकीखालचा कोपरा याही नेहमीच्या जागा. 1978 ते 1995 या काळात पुष्कळ घरांत पॉलिब्युटिलीन या प्लॅस्टिकचे नळ घातले गेले. त्यांचे सांधे गळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. बेली बोर्ड शाबूत असेल तर गळलेले पाणी त्यात पखालीगत साठते आणि ग्लासवूल महिनोन्‌महिने ओले राहते. तो उंदरांनी किंवा प्लंबरने फाडलेला असेल, तर मातीची वाफ थेट कड्यांना लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दमट राज्यांत वातानुकूलनाने थंड झालेल्या जमिनीच्या खालच्या अंगाला दव धरतो आणि कुठेही गळती नसताना पाटा मऊ पडतो. म्हणून घराखाली मातीवर प्लॅस्टिकची चादर अंथरणे हा स्वस्त आणि खरोखर परिणामकारक उपाय आहे; तो टाळला जातो याचे वाईट वाटते.

दुसरा प्रकार आधारांचा. घर काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या खांबांवर टेकलेले असते आणि फट भरायला लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात. पावसाचे पाणी घराखाली जमले की माती दबते, थंड प्रदेशात गोठून वर उचलते, चिकणमाती ओल्या-सुक्यात फुगते आणि आकसते. खांब असमान बसले की दारे अडकतात, भिंतीचे पॅनेल सांध्यात उघडतात आणि जमिनीला उतार येतो. पाटा मात्र कडक असतो, हीच ओळखीची खूण. दोन भाग जोडून केलेल्या रुंद घरात छताचा पुष्कळ भार मधल्या सांध्याखालच्या खांबांवर येतो; ते कमी पडले तर मधोमध झोल येतो.

अमेरिकेच्या गृहनिर्माण व नागरी विकास खात्याचे राष्ट्रीय मानक 15 जून 1976 पासून लागू झाले. त्यात जमिनीने दर चौरस फुटाला 40 पौंड भार पेलावा आणि स्नानगृहासारख्या ओल्या जागांचा पाटा ओलावा सोसणारा असावा, असे बंधन आहे. त्याआधीच्या घरांना ते लागू नव्हते. पण मानकानुसार बांधलेली जमीनसुद्धा गळक्या नळापुढे टिकत नाही.

दुरुस्तीत गळती प्रथम, मग वाळवण, मग कुजलेला पाटा कडीच्या मध्यापर्यंत कापून नवे प्लायवुड. कडी कुजली असेल तर तिला जोडकडी द्यावी लागते. मऊ जागेवर नुसते प्लायवुड ठोकून वर नवे विनाइल घालणे सर्रास चालते. ओल तशीच कोंडली जाते आणि कुजणे पसरते. खांब खचले असतील तर पाणपातळीने मोजून, जॅकने थोडे थोडे उचलत घर सम करतात. घाई केल्यास नळांचे सांधे निखळतात. अनेक रहिवाशांचे घर स्वतःचे असते, पण खालची जागा पार्कच्या, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या, मालकाची. तिथे पाण्याचा निचरा वळवण्यासाठी मालकाची संमती लागते. ती मिळेपर्यंत सम केलेले घर पुढच्या पावसात पुन्हा कलते आणि खर्च रहिवाशाच्याच माथी येतो.