वनराखणीचा कार्बन मोबदला : रेड प्लस

उभे जंगल न तोडता राखल्याबद्दल, म्हणजे ते तुटले असते तर हवेत गेला असता तो कार्बन अडवून ठेवल्याबद्दल, एखाद्या देशाला, प्रकल्पाला किंवा वनवासी समूहाला पैसे देण्याची व्यवस्था. ‘रेड’ हे जंगलतोड आणि जंगलाचा ऱ्हास यांतून होणारे उत्सर्जन कमी करणे या अर्थाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे. माणसाच्या उद्योगांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण दहावा हिस्सा जमिनीच्या वापरातील बदलांमुळे, मुख्यतः उष्ण कटिबंधातील जंगलतोडीमुळे येतो. जंगल साफ करून गुरांसाठी कुरणे केली, सोयाबीन पेरले किंवा पाम तेलाची झाडे लावली की हाती पैसा पडतो; उभ्या जंगलाला मात्र बाजारात गिऱ्हाईक नसते. ही तफावत बाहेरच्या पैशाने भरून काढायची, एवढीच मूळ कल्पना. बोलायला ती सोपी आहे, हिशेबाला नाही. कारण मोबदला द्यायचा तो न घडलेल्या गोष्टीचा.

उत्सर्जन कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराच्या प्रकल्पांत नवी झाडे लावण्याला श्रेय होते, असलेले जंगल राखण्याला नव्हते. २००५ मध्ये माँट्रियल येथील हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हा मुद्दा लावून धरला. कोस्टा रिकाला या कामाचा अनुभवही होता. इंधनावरील कराच्या उत्पन्नातून वनजमीन राखणाऱ्या मालकांना पैसे देण्याची योजना तेथे १९९७ पासून चालू होती. २००७ च्या बाली परिषदेत विषय अधिकृत वाटाघाटींत आला. तोड कमी करणाऱ्यालाच पैसे मिळणार असतील तर ज्यांनी आधीपासून जंगल सांभाळले त्यांनी काय करायचे, हा भारतासारख्या देशांचा आक्षेप होता. म्हणून संवर्धन, शाश्वत व्यवस्थापन आणि कार्बनसाठ्यात वाढ ही कामेही त्यात धरली गेली; नावातील ‘प्लस’ ते हेच. २०१० मध्ये कानकुन येथे सामाजिक व पर्यावरणीय सुरक्षा-अटी ठरल्या, २०१३ मध्ये वॉर्सा येथे मोजणी व पडताळणीची चौकट तयार झाली आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या पाचव्या कलमाने तिला आधार दिला.

मोजणीची सुरुवात जमिनीवर होते. नमुना-भूखंडातील प्रत्येक झाडाला जमिनीपासून १.३ मीटरवर, छातीच्या उंचीला, टेप गुंडाळून घेर घेतात. घेरावरून व्यास, व्यासावरून सूत्राने झाडाचे कोरडे वजन काढतात. त्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. कार्बनच्या टनांना ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे टन मिळतात. हेक्टरी १५० टन कार्बन असेल, तर सुमारे ५५० टन. किती हेक्टर तुटले ते उपग्रह सांगतात. इथपर्यंतचा भाग कष्टाचा असला तरी वादाचा नाही.

वाद आहे तो संदर्भपातळीचा. मोबदला नसता तर किती जंगल तुटले असते, हा आकडा कोणी पाहिलेला नसतो. तो ठरवावा लागतो आणि जो ठरवतो त्याच्या हाती तिजोरीची किल्ली असते. दक्षिण अमेरिकेतील गयानाचे उदाहरण बोलके आहे. नॉर्वेने २००९ मध्ये या देशाला २५ कोटी अमेरिकी डॉलरपर्यंत देण्याचे मान्य केले. तेथील तोडीचा जुना दर वर्षाला जेमतेम ०.०३ टक्के होता. तोच पाया धरला असता तर कमी करायला काही उरलेच नसते. मग विकसनशील देशांचा सरासरी दर, ०.५२ टक्के, शेजारी ठेवून दोन्हींची सरासरी काढली गेली : ०.२७५ टक्के. त्यामुळे सोन्याच्या खाणींपायी गयानातील तोड थोडी वाढली तरी देश मोबदल्यास पात्र राहिला, दर ०.१ टक्क्यावर गेल्यास पैसे बंद, अशी अट तेवढी घातली होती. यात लबाडी पाहणारे आहेत. पण जंगल शाबूत असलेल्या देशासाठी दुसरा मार्ग कोणता, याचे सोपे उत्तर त्यांच्याकडेही नाही.

देणग्यांवर चालणाऱ्या ब्राझीलच्या ॲमेझॉन निधीत (२००८) पाया, म्हणजे संदर्भपातळी, सरळ होता : १९९६ ते २००५ या दहा वर्षांची सरासरी तोड, हेक्टरी १०० टन कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडच्या टनाला ५ डॉलर. म्हणजे वाचलेल्या हेक्टरमागे सुमारे १,८३५ डॉलर. बदल्यात देणगीदाराला मिळते ते केवळ प्रशस्तिपत्र. ते विकता येत नाही किंवा स्वतःच्या उत्सर्जनातून वजाही करता येत नाही. ॲमेझॉनमधील वार्षिक तोड २००४ मध्ये जवळपास २७,८०० चौ. किमी. होती, ती २०१२ मध्ये सुमारे ४,६०० वर आली. तिचे श्रेय या निधीला देण्याचा मोह होतो. पण घसरण निधीच्या आधीच सुरू झाली होती : उपग्रहाचे इशारे, वनरक्षकांचे छापे, तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा करार. २०१९ मध्ये सरकारने निधीच्या समित्या बरखास्त केल्या आणि काम ठप्प झाले. २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. राजकीय इच्छा नसेल तर पैसा पडून राहतो, हे त्या चार वर्षांत दिसले.

ऐच्छिक बाजारातील प्रकल्प वेगळे. तेथे खासगी विकासक एखाद्या वनक्षेत्रासाठी कार्बन श्रेये, म्हणजे अडवलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रे, काढतो आणि कंपन्या ती विकत घेऊन आपले उत्सर्जन भरून निघाल्याचा दावा करतात. जंगलाला असलेला धोका जितका मोठा दाखवावा तितकी श्रेये जास्त, त्यामुळे पाया फुगवण्याचे आमिष या रचनेतच आहे. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सहा देशांतील प्रकल्पांचा अभ्यास आला. तपासलेल्या श्रेयांपैकी सुमारे ६ टक्केच खऱ्या अतिरिक्त, म्हणजे प्रकल्पामुळेच झालेल्या, घटीशी जुळत होती. ही श्रेये प्रमाणित करणाऱ्या संस्थेने अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तरी त्याच वर्षी पाया ठरवण्याचे नियम बदलले आणि प्रकल्पाने स्वतः आकडा काढण्याऐवजी संपूर्ण प्रदेशाच्या आकड्यातून वाटा घेण्याची पद्धत आली.

बाकीच्या दोन अडचणी नेहमीच्या आहेत. एका ठिकाणी अडवलेली कुऱ्हाड शेजारच्या जंगलात चालू शकते. याला गळती म्हणतात. वाचवलेले जंगल उद्या वणव्यात जळूही शकते, म्हणून श्रेयांचा काही भाग विमा म्हणून राखीव ठेवतात.

जंगलात राहणाऱ्यांना यातून काय मिळते, हे जमिनीच्या हक्कावर ठरते. हक्काची नोंद नसेल तर कार्बन कोणाचा, हा प्रश्न लोंबकळत राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करणारेच जंगलाचे शत्रू ठरवले जातात. त्यामुळे पूर्वमाहिती देऊन, दबाव न आणता घेतलेली संमती ही आदिवासी संघटनांची पहिली मागणी असते. गयानाने २०२२ नंतरच्या श्रेयविक्रीतून १५ टक्के रक्कम आदिवासी गावांना द्यायचे ठरवले.

ब्राझीलने २०२३ मध्ये मांडलेल्या आणि २०२५ मध्ये तेथील बेलें शहरातल्या हवामान परिषदेत सुरू झालेल्या उष्ण कटिबंधीय वननिधीने न घडलेल्या तोडीचा हिशेबच बाजूला ठेवला आहे. उभ्या जंगलाला हेक्टरी सुमारे ४ डॉलर, तुटलेल्या क्षेत्रामागे मोठी कपात आणि किमान २० टक्के वाटा आदिवासी व स्थानिक समूहांना, अशी त्याची रचना आहे. त्यात टन मोजायचे नसतात, फक्त हेक्टर.