आडव्या रेघेचा अर्थ कोण लावतो?

टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करण्याच्या खिडकीत, ओळ टाइप करून एंटर दाबलं की ती जशीच्या तशी प्रोग्रामकडे जाते, असं बरेच जण धरून चालतात. लिनक्सवर तसं होत नाही. मध्ये शेल असतो, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचून हवा तो प्रोग्राम सुरू करणारा प्रोग्राम. तो रिकाम्या जागा बघून ओळीचे तुकडे पाडतो आणि प्रोग्रामच्या हाती नुसती तुकड्यांची यादी देतो. सी भाषेत या यादीला आर्गव्ही म्हणतात आणि तुकड्यांच्या संख्येला आर्गसी. फाइलच्या नावात रिकामी जागा असेल तर आपण नावाला अवतरणचिन्हं लावतो. ती शेलसाठी असतात, प्रोग्रामला दिसतही नाहीत. (विंडोजवर अख्खी ओळ प्रोग्रामकडे जाते आणि तुकडे पाडण्याचं काम त्याच्याकडेच येतं.)

यादी मिळाली तरी अर्थ लागलेला नसतो. रेघेने सुरू होणारा तुकडा म्हणजे सहसा पर्याय, प्रोग्रामने कसं वागावं याची सूचना. समजा तुकडे आले: '-ओ', 'निकाल'. इथे 'निकाल' ही '-ओ'ची किंमत (त्या पर्यायासोबत दिलेली माहिती) आहे की वेगळीच फाइल? यादीकडे कितीही बघितलं तरी याचं उत्तर सापडणार नाही. '-ओ'ला किंमत लागते हे प्रोग्रामने आधीच ठरवून ठेवलेलं असावं लागतं. माझ्या मते या विषयाचं मर्म इथेच आहे. सीमधलं गेटऑप्ट हे फंक्शन नेमकं हेच विचारतं: चालणारी अक्षरं सांगा, आणि ज्याला किंमत लागते त्या अक्षरानंतर कोलन द्या. पायथनच्या २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून आलेलं आर्गपार्स हे याच कामाचं मॉड्यूल याच माहितीतून मदतीचा मजकूरही स्वतः तयार करतं. सांगितलं तर '५' या अक्षराचा ५ हा आकडाही करून देतं, कारण यादीत सगळं मजकूर म्हणूनच येतं.

एकअक्षरी पर्याय एकत्र लिहिता येतात: '-एल -ए' म्हणजेच '-एलए'. म्हणूनच लांब नावांना दोन रेघा लागतात, नाहीतर '-हेल्प' हे चार वेगळे पर्याय समजले जातील.

ही रेघ निव्वळ संकेत आहे, ऑपरेटिंग सिस्टिमला तिचं काही देणंघेणं नाही. फाइलचं नावसुद्धा रेघेने सुरू होऊ शकतं, आणि धोका तिथेच आहे. एखाद्या फोल्डरमध्ये '-आरएफ' नावाची फाइल आहे आणि कुणी 'आरएम *' दिलं, असं समजा (आरएम हा फाइली पुसणारा प्रोग्राम). ताऱ्याच्या जागी शेल, टिंबाने सुरू होणारी सोडून, सगळी नावं भरतो. आरएमला '-आरएफ' हे नाव न वाटता हुकूम वाटतो: न विचारता, आतल्या फोल्डरांसकट पुसून टाक. त्या नावांचं बाकी सगळं जातं आणि नेमकी ती फाइल मागे राहते!

यावर उपाय म्हणजे सुटी '--'. 'आरएम -- *' लिहिलं की दुहेरी रेघेनंतरचं सगळं नाव म्हणूनच वाचलं जातं. मला त्याहून './*' आवडतं. त्यात प्रत्येक नावाची सुरुवातच टिंब आणि तिरक्या रेघेने होते, त्यामुळे '--' न ओळखणाऱ्या प्रोग्रामचीही फसगत होत नाही.