सुती वर्दीतला हिवाळा

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजेची पहिली जहाजे मार्सेलच्या बंदराला लागली, तेव्हा फ्रान्समध्ये अजून ऊन होते. शिपायांच्या अंगावर हिंदुस्थानच्या हवेला साजेशी सुती खाकी होती. जेमतेम महिनाभरात याच फौजेतल्या पलटणी बेल्जियममध्ये ईप्र शहराच्या दक्षिणेला आघाडीवर उभ्या राहिल्या. नव्या बनावटीच्या रायफली त्यांना मार्सेललाच मिळाल्या, लोकरी कपडे मात्र तुकड्यातुकड्यांनी येत राहिले. काही जणांना नोव्हेंबरपर्यंत सुती कपड्यांवरच दिवस काढावे लागले. उंचावरच्या जवानांच्या हिवाळी कपड्यांवरून आपल्याकडे आजही जो वाद होतो, तो समजून घ्यायला इथपर्यंत मागे जावे लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे. खाकी रंग १८४० च्या दशकात पेशावरकडच्या एका पलटणीत आला आणि पुढे साऱ्या इंग्रजी फौजेने उचलला. पोटरीला गुंडाळायची पट्टीही हिंदुस्थानातलीच, इंग्रजीने ती नावासकट घेतली.

आघाडीचा हा प्रदेश म्हणजे फ्लँडर्स. तिथली जमीन सखल, हात-दोन हात खणले की पाणी लागायचे. डिसेंबरमध्ये फ्रान्समधल्या फेस्तुबेर आणि जिव्हाँशी या गावांच्या आसपास हिंदी शिपाई गुडघाभर चिखलात उभे राहून लढले. खंदकातला खरा ऋतू म्हणजे ही ओल. जाड लोकरी ओव्हरकोट चिखल पिऊन इतके जड होत की पुष्कळ शिपाई खालचा घेर कापून टाकत. स्कॉटिश पलटणींच्या घागऱ्यांची कड चिखलाने माखून गोठली की गुडघे सोलून निघत. त्या पहिल्या हिवाळ्यात बकऱ्याच्या कातड्याची केसाळ जाकिटे वाटली गेली. ती ऊब देत, पण भिजली की वाळता वाळत नसत. नंतर त्यांच्या जागी बिनबाह्यांची चामडी बंडी आली, ती खूपच सोयीची ठरली. हिंदी शिपायांसाठी ऑक्टोबर १९१४ मध्ये लंडनमध्ये एक निधी उभा राहिला, त्यातून मोजे, गळपट्टे, कानटोप्या असे लोकरी सामान येऊ लागले. हिवाळा सरता सरता शिपायांच्या पत्रांत कपड्यांबद्दल समाधानही दिसते. म्हणजे पुरवठा होऊ शकत होता. तो वेळेवर झाला नाही, एवढेच.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवे. त्या हिवाळ्यात पाय सुजलेले, बधिर झालेले, काळे पडलेले शिपाई दवाखान्यांत येऊ लागले. ब्रिटिश फौजेत अशा रुग्णांचा आकडा २० हजारांच्या आसपास सांगितला जातो. सुरुवातीला याची नोंद ‘फ्रॉस्टबाइट’ म्हणून होई, आणि आपणही मराठीत सरसकट ‘हिमदंश’ लिहून मोकळे होतो. पण हिमदंशात अंगाचा भाग खरोखर गोठतो. खंदकातले हे पाय गोठलेले नव्हते. पारा शून्याच्या बराच वर असतानाही पाय तासन्‌तास ओल्या मोज्यांत, तंग बुटांत, हालचालीविना राहिले की रक्त पोहोचेनासे होते आणि मांस मरू लागते. त्यात भिजून आवळलेली लोकरी पट्टी पोटरी करकचून धरायची. या दुखण्याला पुढे ‘ट्रेंच फूट’ हे वेगळे नाव मिळाले.

हा फरक केवळ डॉक्टरी नाही. हिमदंश म्हटले की दोष आभाळाचा, ट्रेंच फूट म्हटले की दोष कोठाराचा. नाव बदलल्यावर उपायही बदलले. रोज कोरडे मोजे, व्हेल माशाच्या तेलाची मालिश, दोघांनी मिळून एकमेकांचे पाय तपासणे, खंदकाच्या तळाशी लाकडी फळ्या, मांडीपर्यंतचे गमबूट, आघाडीवरच्या पाळ्या कमी दिवसांच्या. रुग्ण वाढले तर जाब पलटणीच्या अधिकाऱ्याला द्यावा लागे. एवढे झाल्यावर पुढच्या हिवाळ्यांत हे दुखणे पुष्कळ आटोक्यात आले.

तरीही १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, धाडले, तेव्हा या माणसांना आणखी एक युरोपी हिवाळा झेपणार नाही हेच कारण पुढे करण्यात आले. ते अजूनही पुस्तकांतून जसेच्या तसे उतरवले जाते. थंडीचा त्रास खोटा नव्हता, त्या हिवाळ्यातली पत्रे वाचवत नाहीत. पण हिंदी घोडदळ फ्रान्समध्येच राहिले, घोड्यावरून उतरून खंदकांत पाळ्या करत राहिले आणि १९१८ च्या सुरुवातीला पॅलेस्टाइनकडे गेले. तीच माणसे, तीच थंडी, आणि वरचे तीन हिवाळे त्यांना झेपले. पायदळ मोडकळीला आले ते माणसे संपल्यामुळे. शिपायांची भाषा जाणणारे अधिकारी पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या संख्येने पडले, आणि घरून येणारी कुमक अपुरी होती. ही उणीव हवामानाच्या नावे लिहिली गेली, असे माझे मत आहे.

मेसोपोटेमियातही थंडी चुकली नाही. जानेवारी १९१६ मध्ये कुत-अल-अमारा गावात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेभोवतीचा तुर्कांचा वेढा फोडायला फ्रान्सहून आलेल्या याच पलटणी तैग्रिसकाठी पावसात, चिखलात, गारठ्यात पडून राहिल्या. वेढ्याच्या आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. साताऱ्याकडच्या, रत्नागिरीकडच्या गावांत ‘या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली’ अशा पाट्या दिसतात, त्यांतली कित्येक माणसे या आघाडीवर होती. उन्हाळ्यात तिथे छायेतच पारा ४५ अंशांच्या पुढे जाई. उन्हाने पाठीचा कणा तापतो या समजुतीपायी गोऱ्या शिपायांच्या पाठीवर जाड गादी बांधली जात असे.

स्वातंत्र्यानंतर हेच पुन्हा घडले. ऑक्टोबर १९६२ मध्ये ईशान्येकडच्या चीन सीमेवर नामका चू नदीच्या काठी आपले जवान सुती वर्दीत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. चिनी हल्ला २० ऑक्टोबरला झाला, त्याआधीच थंडीने माणसे आजारी पडू लागली होती. सियाचेनवर १९८४ पासून गोळीपेक्षा हवामानाने जास्त जवान घेतले आहेत. तिथे हिमदंश हा शब्द अगदी बरोबर आहे. पण फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या लेखापरीक्षण अहवालात उंचावरच्या तुकड्यांना बर्फाचे चष्मे आणि बूट कमी पडल्याची, जुने बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागल्याची नोंद आहे. चारच महिन्यांनी चिनी सैन्याशी गलवानची चकमक घडली, आणि पूर्व लडाखमधल्या हिवाळ्यासाठी हजारो संच तातडीने अमेरिकेकडून आणावे लागले.