कच्चा कैदी आणि जामीन (कोल्हापूर)

खटल्याचा निकाल लागण्याआधी तुरुंगात असलेल्या आरोपीला कायदा न्यायाधीन बंदी म्हणतो, लोक कच्चा कैदी म्हणतात. कोल्हापुरात असे बंदी कळंबा मध्यवर्ती कारागृहात आणि बिंदू चौकातील उपकारागृहात असतात. पोलीस कोठडी म्हणजे 'पीसीआर', न्यायालयीन कोठडी म्हणजे 'एमसीआर'. एमसीआर झाली की घरच्यांची जामिनासाठी धावपळ सुरू होते.

१ जुलै २०२४ पासून जामिनाचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला एक तृतीयांश काळानंतर जामिनासाठी या संहितेच्या कलम ४७९ चा आधार मिळतो. खटला लांबणे हेही जामिनाचे कारण असू शकते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात झालेल्या गोविंद पानसरे यांच्या हत्येच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा आरोपींना जामीन दिला, तो दीर्घ कारावासाच्याच मुद्द्यावर.

कोठडीतील वागणुकीबद्दलही अर्ज होतात: औषधे, घरचा डबा, नातेवाइकांची मुलाखत, दुसऱ्या जेलमध्ये हलवणे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने कच्च्या कैद्याला शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवायला सांगितले आणि बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण घेण्याची मुभा दिली. ही मेहेरबानी नव्हे. त्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही.

खरी अडचण जामीन मंजूर झाल्यावर येते. आदेश हातात असतो, पण जामीनदार लागतो. गावाकडचा चुलता सातबारा, आधारकार्ड, ऐपतीचा दाखला घेऊन कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात उभा राहतो. उताऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही की पुन्हा तलाठ्याकडे. ज्याला चुलताच नाही त्याचे काय? शिरोलीच्या फौंड्रीतला परप्रांतीय कामगार किंवा बीडहून आलेला ऊसतोड मजूर स्थानिक जामीनदार आणणार कुठून? मोतीराम खटल्यात हेच घडले होते: एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ते चुकीचे ठरवले, तरी ही अट आजही घातली जाते.

जामीन नाकारला गेला तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. प्रवास, मुक्काम, तिथला वकील, हे सारे गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसते आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचीही प्रकरणे ऐकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश ई-मेलने तुरुंगात पोचवायचा आहे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आहे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय आपणहून अट सैल करू शकते.