दोन ॲडव्हांटेज म्हणजे तीन फासे नव्हेत

म्हापशात पावसाळी रविवारी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ मांडला की हा वाद ठरलेला: "शत्रू पायाशी आडवा पडलाय, वर माझा बार्बेरियन लढवय्या बेफाम वार करतोय, दोन ॲडव्हांटेज झाले, मग तीन फासे टाकतो रे!"

नाही टाकायचे. ॲडव्हांटेज म्हणजे एकाऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. २०१४च्या पाचव्या आवृत्तीपासून ॲडव्हांटेज कितीही कारणांनी मिळो, वीस बाजूंचा जादा फासा एकच. ११ किंवा वर हवे असतील तर शक्यता ५० वरून ७५ टक्के होते. तिसऱ्या फाशाने ८७.५ झाली असती, म्हणजे चैनच! उलट, तीन ॲडव्हांटेजना एक डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा धरायचा) भेटलं तरी सगळंच रद्द, साधा एक फासा. इथे बेरीज-वजाबाकी करत बसणारे आमच्यात अजून आहेत.

हाफलिंग या बुटक्या जमातीच्या पात्राला १ पडला तर फासा पुन्हा टाकता येतो; पण ॲडव्हांटेज असलं तरी दोन्ही फासे नाहीत, तेवढा एकच पुन्हा टाकायचा.