धोकादायक बालमजुरी, भारतातील

खाणी, कारखाने, स्फोटके आणि शरीराला कायमचा अपाय करणाऱ्या इतर कामांत मुलांना राबवण्याची प्रथा. भारतीय संविधानाच्या कलम 24 ने 14 वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. एकूण बालमजुरीचा 1971 ते 2011 मधील कल चढउतार होत किंचित उतरता दिसतो. मात्र ‘धोकादायक’ कामांची सरकारी यादी या काळात वारंवार बदलली, आणि ती बाजूला ठेवून आकडे वाचले तर चुकीचा निष्कर्ष निघतो.

जनगणनेनुसार 5 ते 14 वयोगटातील कामकरी मुले 1971 मध्ये सुमारे 1.07 कोटी, 1981 मध्ये 1.36 कोटी, 1991 मध्ये 1.13 कोटी, 2001 मध्ये 1.26 कोटी आणि 2011 मध्ये 1.01 कोटी होती. 2011 मधील सुमारे 43.5 लाख मुले वर्षातील निम्म्याहून अधिक काळ काम करणारी, म्हणजे ‘मुख्य कामकरी’ होती. या मुलांत उत्तर प्रदेशाखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता, सुमारे 5 लाखांचा. औद्योगिक आणि शिक्षणात पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यासाठी ही बाब गंभीर आहे. 2021 ची जनगणना ठरल्या वेळी न झाल्याने पुढच्या दशकाची तुलना खोळंबली.

ही सर्व मजुरी धोकादायक गणली जात नाही. 2001 च्या आकड्यांवरून सुमारे 12 लाख मुले धोकादायक कामांत असल्याचा सरकारी अंदाज होता. त्यात विडी-पान-सिगारेट, बांधकाम आणि घरकाम ही क्षेत्रे सर्वांत वर होती. पैकी घरकाम आणि ढाब्या-हॉटेलांतील काम यांवर बंदी आली ती ऑक्टोबर 2006 मध्ये. परक्या घरी भांडी घासणारी मुलगी त्याआधीही तितकीच असुरक्षित होती. फक्त कायद्याच्या लेखी तिचे काम धोक्याचे नव्हते.

1986 च्या बालमजुरी कायद्याने काही कामांवर बंदी घातली आणि बाकीच्यांचे नियमन केले. बंदीची यादी वाढत वाढत 18 व्यवसाय आणि 65 प्रक्रियांपर्यंत पोचली. 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास बंदी केली आणि 14 ते 18 वयाच्या किशोरांना या कायद्यात प्रथमच धोक्याच्या कामांपासून संरक्षण दिले. त्याच वेळी धोकादायक कामांची यादी मात्र खाणी, ज्वलनशील पदार्थ व स्फोटके आणि कारखाने अधिनियमातील धोकादायक प्रक्रिया एवढ्या तीन नोंदींवर आणली. टीका झाल्यानंतर 2017 मध्ये ती पुन्हा विस्तारण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 138 (कामाचे किमान वय) आणि 182 (बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार) क्रमांकाच्या करारांना मान्यता दिली.

तमिळनाडूतील शिवकाशी हे या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण. तेथील आगपेट्या आणि फटाक्यांच्या कारखान्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात डिसेंबर 1996 मध्ये निकाल दिला. मालकाने प्रत्येक मुलामागे 20,000 रुपये कल्याण निधीत भरावेत आणि त्या मुलाच्या घरातील प्रौढाला काम मिळावे, असा त्याचा रोख होता. न्यायालयाने गरिबीला कारण मानले, पण सबब मानले नाही, हे या निकालाचे मोठेपण आहे.

कारखान्यांवर नजर आली तसे काम घरांत गेले. 1986 च्या कायद्यातच कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कार्यशाळांना सूट होती. त्यामुळे विड्या वळणे, गालिचे विणणे, जरीकाम अशी कामे ठेकेदारांमार्फत घरोघर वाटली गेली. विडीच्या तंबाखूची धूळ घरात बसूनही तितकीच छातीत जाते. 2016 नंतरही शाळेच्या वेळेबाहेर, बिनधोक्याच्या घरच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा राहिली. घरात ‘मदत’ कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे तपासायला निरीक्षक पोचत नाही. झारखंडमधील कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात टाकाऊ अभ्रक, तेथील भाषेत ढिबरा, वेचणाऱ्या मुलांचेही तेच: ती कोणाच्याच हजेरीपटावर नसतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न ऊसतोडीत सर्वांत ठळक आहे. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या परिसरात जातात. करार नवरा-बायकोच्या जोडीशी होतो. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. वाढे गोळा करणारी, मोळ्या बांधायला हात लावणारी, पालात धाकट्याला सांभाळणारी मुलगी त्या करारात नाही आणि बहुधा मोजणीतही नाही. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालत असल्याने शाळेचे जवळजवळ अर्धे वर्ष बुडते. कारखान्यांच्या परिसरात भरणाऱ्या साखरशाळा आणि गावातच मुलांना ठेवणारी हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे उपाय. त्यांतील वसतिगृहांचा मार्ग अधिक योग्य आहे, कारण त्यामुळे मूल फडापासूनच दूर राहते.

सुटका झालेल्या मुलांसाठी 1988 पासून राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प चालत होता. 2021 मध्ये तो समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. किशोरांच्या बाबतीत मोजमापाचीच अडचण आहे. कायदा 14 ते 18 हा गट धरतो, तर जनगणनेच्या तक्त्यांत प्रचलित गट 15 ते 19 असा असतो. 2016 च्या दुरुस्तीने या मुलांना मिळालेले संरक्षण प्रत्यक्षात किती उतरले, हे त्या तक्त्यांवरून थेट मोजता येत नाही.