अंदाजाने वाचता येतं का?

एक मूल चित्रांचं पुस्तक मोठ्याने वाचतं आहे. चित्रात झाडावर माकड आहे. खाली छापलं आहे, 'वानर झाडावर चढलं.' मूल कुठेही न अडखळता म्हणतं, 'माकड झाडावर चढलं.' हे वाचन बरोबर धरायचं की चूक?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ केनेथ गुडमन यांच्या मते मुलापर्यंत अर्थ पोचला आहे, त्यामुळे याला चूक म्हणूच नये. छापलेलं सोडून मुलं वाचताना वेगळं काय बोलतात याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं बारकाईने तपासल्या होत्या. वाचन हा अंदाजाचा खेळ आहे, असं त्यांनी 1967 मध्ये मांडलं. सराईत वाचक अक्षर न् अक्षर पाहत बसत नाही; मागचापुढचा संदर्भ, वाक्याची घडण आणि अक्षरांची थोडीशी खूण यांवरून तो शब्द ताडतो, असा त्यांचा दावा होता. 1971 मध्ये फ्रँक स्मिथ यांनी हाच विचार विस्ताराने मांडला आणि पुढच्या काळात त्यातून 'समग्र भाषा पद्धत' इंग्रजी भाषक देशांतल्या शाळांमध्ये पसरली.

या पद्धतीचं म्हणणं मनाला पटकन पटतं. बोलायला कोणी धडे देऊन शिकवत नाही. आजूबाजूला बोलणं चालू असतं आणि मूल बोलू लागतं. मग लिहिणं-वाचणंही तसंच का येऊ नये? मुलांभोवती चांगली पुस्तकं असू द्या, त्यांना वाचून दाखवा, पहिल्या दिवसापासून मनातलं लिहू द्या. अक्षर आणि उच्चार यांचं नातं वेगळं काढून क्रमाने शिकवायची गरज नाही, ते ओघात सांगितलं की पुरे. शब्द अडला तर चित्राकडे बघायचं, तिथे काय शोभेल याचा विचार करायचा, पहिलं अक्षर बघायचं. ज्या शिक्षकांनी अर्थहीन घोकंपट्टीत मुलांचे चेहरे कोमेजताना पाहिले होते, त्यांना हे सगळं किती हवंहवंसं वाटलं असेल, हे मला समजतं.

पण सराईत वाचक खरोखर अंदाज करतो का, हे तपासता येतं. आणि ते तपासलं गेलं.

गुडमन यांचा स्वतःचा एक प्रयोग 1965 चा होता. मुलांना आधी सुटे शब्द वाचायला दिले, मग तेच शब्द असलेली गोष्ट दिली. यादीत चुकलेले बरेचसे शब्द मुलांनी गोष्टीत बरोबर वाचले. संदर्भाची ताकद सिद्ध झाली असं वाटावं, असाच निकाल. मात्र यादी नेहमी आधी आणि गोष्ट नंतर, म्हणजे दुसऱ्या वेळी ते शब्द मुलांच्या डोळ्यांखालून एकदा गेलेले असत. न्यूझीलंडचे टॉम निकोल्सन यांनी 1991 मध्ये क्रम उलटा करून पाहिला. चांगलं वाचणाऱ्या मुलांना संदर्भाचा झालेला फायदा बहुतांशी नाहीसा झाला. कच्च्या वाचकांना मात्र तो होत राहिला.

हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट या मानसशास्त्रज्ञांनाही त्याआधीच असंच आढळलं होतं. ते अपेक्षा धरून होते की चांगले वाचक संदर्भावर जास्त विसंबत असतील. निघालं उलटं. चांगल्या वाचकाला शब्द इतक्या झटकन ओळखू येतो की संदर्भाची मदत यायच्या आत काम झालेलं असतं. अंदाजाचा आधार घ्यावा लागतो तो अक्षरं वाचता न येणाऱ्याला. समग्र भाषा पद्धत मुलांना कच्च्या वाचकाची सवय लावत होती, चांगल्या वाचकाची म्हणून.

डोळ्यांच्या हालचालींच्या अभ्यासानेही हेच दाखवलं. वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती उड्या मारते आणि मध्ये सेकंदाच्या पाव भागाइतकी थांबते. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांची नजर अर्थ वाहणाऱ्या शब्दांपैकी सुमारे 85 टक्के शब्दांवर थांबते; सुटतात ते बहुतेक छोटे, सवयीचे शब्द. शिवाय पुढचा शब्द ताडणं वाटतं तितकं सोपं नाही. वाक्य ऐन शब्दाआधी थांबवून लोकांना पुढचा शब्द विचारला, तर अर्थवाही शब्द साधारण दहात एकदाच बरोबर येतो. नेमके ज्यांच्यासाठी आपण वाचतो ते शब्द अंदाजात सापडत नाहीत.

बोलण्याशी केलेली बरोबरीही टिकत नाही. बोलीभाषा नाही असा मानवसमाज माहीत नाही. लिपी नसलेले समाज मात्र इतिहासात भरपूर आहेत. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं आहे. एवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी खास भाग उत्क्रांत होणं शक्य नव्हतं, म्हणून मेंदू जुनाच भाग नव्या कामाला लावतो. मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान आणि लोराँ कोएन यांनी दाखवलेला हा भाग डाव्या गोलार्धात मागे, खालच्या बाजूला असतो आणि वेगवेगळ्या लिप्या वाचणाऱ्यांत जवळजवळ एकाच जागी सापडतो. वाचायला न शिकलेल्या माणसात तो चेहरे, वस्तू असं पाहण्याच्या कामात गुंतलेला असतो. त्याची जुनी सवयही आड येते: वस्तू डावीकडून पाहिली काय किंवा उजवीकडून, मेंदूच्या लेखी ती एकच. म्हणून लहान मुलं इंग्रजीतले छोटे 'बी' आणि 'डी' एकमेकांत गोंधळतात. हे मोडून नवं बसवायला शिकवावं लागतं, आणि कसं शिकवलं याने फरक पडतो. ब्रूस मॅकँडलिस आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रौढांना एक बनावट लिपी दोन तऱ्हांनी शिकवली. अक्षर-उच्चार जोडून शिकलेल्या शब्दांना मेंदूच्या डाव्या बाजूने प्रतिसाद दिला, अस्खलित वाचकांत देते तसाच. अख्खा शब्द आकृती म्हणून शिकवला, तेव्हा प्रतिसाद उजवीकडे झुकला.

आता त्या वानराकडे येऊ. डेव्हिड शेअर यांनी 1995 मध्ये मांडलेली कल्पना मला या सगळ्या वादात सर्वांत मोलाची वाटते. मूल अनोळखी शब्द स्वतः उलगडून वाचतं, तेव्हा त्या शब्दाचं लेखी रूप त्याच्या स्मरणात रुजतं. दोन-चार वेळा असं झालं की तो शब्द पाहताक्षणी ओळखू येतो. मूल अशा रीतीने स्वतःलाच शिकवत जातं. 'माकड' म्हणणाऱ्या मुलाला आजचं वाक्य कळलं, पण 'वानर' हा शब्द त्याच्या हाती लागलाच नाही. उद्या चित्र नसलेल्या पानावर तो पुन्हा अनोळखीच असेल. घरी पुस्तकं असलेली, कोणीतरी शेजारी बसवून शिकवणारी मुलं ही उणीव कशीबशी भरून काढतात. ज्यांना वाचन फक्त शाळेतच मिळणार असतं, ती मागे राहतात, आणि हा अन्याय मला फार जिव्हारी लागतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 1987 मध्ये आपल्या शालेय भाषा आराखड्यात समग्र भाषेच्या विचाराला मोठी जागा दिली. 1994 च्या राष्ट्रीय चाचणीत तिथली चौथीची मुलं वाचनात देशात तळाजवळ होती. खच्चून भरलेले वर्ग, अपुरा निधी अशी इतर कारणंही होती, सगळा दोष एका पद्धतीच्या माथी मारणं योग्य नाही. तरी राज्याने लवकरच दिशा बदलली. 2000 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने प्रयोगांचा आढावा घेऊन अक्षर-उच्चाराचं नातं क्रमवार शिकवण्याचा फायदा स्पष्ट नोंदवला, सुरुवातीच्या इयत्तांत सर्वांत जास्त.

तरीही समग्र भाषावाल्यांचं सगळंच टाकून देणाऱ्यांशी मी सहमत नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं साधं सूत्र दिलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेचं आकलन. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. शब्दसंपत्ती आणि जगाची माहिती नसेल, तर खडाखडा वाचूनही हाती काही येत नाही. आणि लिहिण्याबाबत तर समग्र भाषावाले बरेच बरोबर होते. चार्ल्स रीड यांनी 1971 मध्ये दाखवलं होतं की शाळेत जाण्याआधीची मुलं मनाने शब्द लिहितात, तेव्हा त्यांच्या चुकांना उच्चाराचं पक्कं तर्कशास्त्र असतं. 'ज्ञान' ऐवजी 'द्न्यान' किंवा 'सिंह' ऐवजी 'सिंव्ह' लिहिणाऱ्या मुलाने कान देऊन आवाज सुटे केले आहेत, आणि वाचायला शिकण्यासाठी नेमकं तेच लागतं. अशा लेखनाला आधी दाद द्यावी, मग रूढ लेखन दाखवावं.

म्हणून सुरुवातीच्या काळात दोन प्रकारची पुस्तकं एकाच वेळी हवीत. मुलाच्या हातात अशी, ज्यातली अक्षरं त्याला शिकवून झाली आहेत, म्हणजे अंदाजाची गरजच पडणार नाही. आणि मोठ्यांच्या हातात अशी, जी मुलाच्या वाचनक्षमतेच्या कितीतरी पुढची आहेत, रोज मोठ्याने वाचून दाखवायला.